कडसर

“एक घास खा ना गं,” मी म्हटलं. “दुधीच आहे. तुमच्या शाळेत असतो तसाच.”

समूनं ताटावर वाकून पाहिलं, वास घेतला आणि मान मागं घेतली. “तसला न्हाई हा.”

“मग कसला आहे?”

“हौसाक्काचा दुधी हिरवा असतोय. तुझा घाबरलाय.”

तिनं चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, दप्तर पाठीला लावलं आणि दारातून वळून म्हणाली, “आज तुझा नंबर हाय ना? लवकर ये. हौसाक्का कुणासाठी थांबत न्हाई.”

हाय. न्हाई. असतोय. आमच्या घरात असं कुणी बोलत नव्हतं. माझं माहेर चिंचवडचं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही गडहिंग्लजच्या पुढच्या त्या लहानशा गावात भाड्यानं राहत होतो. तो सकाळी सातला जायचा, दिवेलागणीला यायचा. मधल्या सगळ्या वेळात मी होते आणि समू होती. जूनमध्ये ती पहिलीत गेली, आणि मग मी एकटीच होते.

समूचं खाणं हा माझा तीन वर्षांचा धंदा होता. पांढरा भात, बिस्किटं, कधीतरी साखर लावून पोळी. हिरवं काही दिसलं की ओठ घट्ट मिटायची. मी गोष्टी सांगितल्या, चिमणीचा घास केला, मोबाइल दाखवला, ताट घेऊन अंगणभर तिच्या मागं फिरले, दोन थपडाही दिल्या. शाळेत तपासणीला डॉक्टर आले तेव्हा तिच्या कार्डावर तांबड्या पेनानं लिहिलं, ‘वजन कमी’. ते कार्ड मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं, कुणी पाहू नये म्हणून.

आणि मग दिवाळीनंतर एक दिवस समू घरी येऊन म्हणाली, “आज मी दोडका खाल्ला.”

मी हसले. खोटं बोलतेय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पालक. तिसऱ्या दिवशी मुळा, कच्चा.

शाळेच्या पाठीमागं, स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडला लागून मुलांची परसबाग होती. फुटक्या कौलांची कड लावलेले वाफे, प्रत्येक वर्गाला एक. हात धुण्याचं पाणी चरातून अळवाला आणि केळीला जायचं. बागेचा तास मुख्याध्यापक चौगुले सर घ्यायचे, पण बाग खरी हौसाक्काची. ती शाळेत स्वयंपाकाला होती. पन्नाशीला आलेली, उंच, कमरेला पदर खोचलेला, आवाज असा की ग्राउंडवरची मुलं जागच्या जागी थांबायची. ती मुलांकडून खुरपून घ्यायची, त्यांनीच काढलेली भाजी त्यांच्याकडूनच निवडून घ्यायची आणि शिजवून त्यांनाच वाढायची.

खरं तर मी जाऊन त्या बाईच्या पाया पडायला हवं होतं. समूचे गाल जरा भरले होते, संध्याकाळची किरकिर कमी झाली होती. पण ती घरी आली की तिच्या केसांना त्या चुलीचा वास यायचा आणि मी तिला आधी न्हाणीघरात न्यायची. बोलता बोलता ती फ्रॉकला हात पुसायची, अगदी हौसाक्का पदराला पुसते तसे. एकदा मी रागावले तर कमरेवर हात ठेवून मलाच म्हणाली, “व्हय की, सगळं माझंच चुकतंय.”

मग मीही परसात वाफे केले. मेथी, मुळा, लाल माठ. पुस्तकात वाचून शेणखत घातलं, राखेची चिमूट टाकली. समू रोज पाणी घालायची, पाहुणी कामाला हात लावते तसं. मेथी वर आली तेव्हा म्हणाली, “तुझी पिवळी का गं? हौसाक्काला इचारू?”

“नको.”

तिनं विचारलंच. हौसाक्कानं तिच्याबरोबर दुधीच्या बियांची पुडी पाठवली आणि निरोप, ‘वैनीला म्हणावं, पाणी कमी घाला.’ ती पुडी मी फळीवर डब्यांच्या मागं सारली. माझ्या अंगणात तिचा वेल चढणार नव्हता.

त्या शाळेत एक पद्धत होती. मुलांना वाढायच्या आधी अर्धा तास एक शिक्षक आणि एक आई जेवण चाखायचे आणि वहीत चव लिहून सही करायचे. आया आळीपाळीनं यायच्या. त्या गुरुवारी माझी पाळी होती.

मी पोचले तेव्हा पहिलीची मुलं बागेत होती. समू शेडच्या पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होती. हातात नुकताच धुतलेला मुळा. एक काडी निवडायची, एक चावा घ्यायचा. पाल्यासकट. त्याचा कर्रकर्र आवाज मला फाटकापाशी ऐकू आला.

“आलीस?” एवढंच म्हणून ती पुन्हा कोथिंबिरीकडं वळली.

“या वैनी,” हौसाक्का आतून म्हणाली. “पोरगी न्हवं, बकरी हाय तुमची. तरी बरं, वाफ्याला कुंपण घातलंय.”

बाकीची मुलं खिदळली. मीसुद्धा हसले. समूनं हौसाक्काकडं बघून “ब्यॅऽऽ” केलं आणि दोघी अशा काही हसल्या की तो त्यांचा रोजचा खेळ असणार हे मला कळलं.

मी म्हटलं, “घरी काहीच खात नाही हो ही.”

“खाईल की,” हौसाक्का म्हणाली. “पोरं काय, आज न्हाई तर उद्या खात्यात. तुम्ही लई जिवाला लावून घेता बगा.”

ती सहज म्हणाली असेल. मला मात्र वाटलं, तीन वर्षांचा हिशेब हिनं एका वाक्यात पुसून टाकला.

तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. तुरीची आमटी, त्यात दुधीच्या फोडी, वरून कोथिंबीर. एका वाटीत थोडी घालून तिनं माझ्या हातात दिली. चौगुले सर वही उघडून, पेन घेऊन उभे राहिले.

मी चाखली.

फोड जिभेवर मऊ होती, पण मोडली नव्हती. दुधीला स्वतःची अशी चव असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वेलावरून तासाभरापूर्वी काढलेल्या दुधीची ती गार गोडी आमटीच्या तिखटातूनही वर येत होती. मला आणखी एक वाटी हवी होती. आणि ती हवीशी वाटली याचाच मला भयंकर राग आला.

“कशी आहे वहिनी?” सरांनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत पायरीवरून समू म्हणाली, “आईला असली येत न्हाई.”

“गप गं,” हौसाक्का म्हणाली. “आईला असं म्हणत्यात व्हय?” पण म्हणताना ती हसत होती.

“कडसर लागतेय जरा,” मी म्हटलं.

खारट म्हटलं असतं तर तिनं पाणी वाढवलं असतं. तिखट म्हटलं असतं तर गुळाचा खडा पडला असता. मला तेवढंच हवं होतं, तिच्या पातेल्यावर माझा एक ओरखडा. पण दुधीला कडू म्हणायचं नसतं. कडू दुधी विषारी असतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त त्या क्षणी ते कुठंतरी लांब होतं.

सरांचा चेहरा उतरला. “कडसर? नीट आठवून सांगा वहिनी.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, “थोडी. म्हणजे… मागाहून.”

हौसाक्कानं पळी उचलून तळहातावर आमटी घेतली, चाटली. पुन्हा घेतली. “मला तर न्हाई लागत, सर. तिन्ही दुधींची देठाकडची फोड कापताना मी चाखली हुती. रोजच चाखते.”

“एखादी बाजू कडू निघते,” सर म्हणाले. “साठ-सत्तर मुलं आहेत, हौसाक्का.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी वाटीत बघत होते. मग ती हळूच म्हणाली, “माझी जीभ म्हातारी झाली आसंल. चुलीपुढं बसून बसून चव जाती म्हणत्यात. वैनी आई हायेत, पोरांच्या जेवणात त्या कशाला खोटं बोलतील?”

आजही तिचं ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

पुढचं सगळं फार पटकन झालं. सरांनी सातवीच्या दोन मुलींना हाक मारली. वेलावर अजून चार दुधी लोंबत होते, आणि ही मुलं बागेत येता-जाता काहीही तोडून तोंडात टाकणारी. “उपटा तो वेल. आत्ता. दुधी लांब खड्ड्यात टाका.” पत्र्यावर चढलेला तो वेल खाली ओढताना चरचर आवाज आला, पांढरी फुलं सरांच्या टोपीवर पडली. पहिलीची मुलं एकमेकांना धरून उभी राहिली. “कडू निघाला,” कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्या रांगेतून गेलं. कडू निघाला, कडू निघाला.

मी मनात म्हणत होते, सर एकदा चाखतील. चाखतील आणि हसतील. मग मीही म्हणेन, मला तसं वाटलं खरं.

तेवढ्यात हौसाक्काच्या हातातली पळी खाली पडली.

“समू! अगं बया, समूनं खाल्ल्यात!”

“काय?”

“दुधीच्या कच्च्या फोडी! मी चिरत हुते, ही मागत हुती. चार-पाच दिल्या, वैनी. माझ्या हातानं दिल्या.”

मला समूची भीती वाटली नाही. समूला काहीही होणार नव्हतं, हे तिथं एकट्या मला माहीत होतं. मला दिसलं ते हे की आता मला बोलावंच लागणार होतं, आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

हौसाक्कानं समूला उचललं, मोरीपाशी नेलं. तांब्यात मूठभर मीठ, वर पाणी. “पी, माझी बाय. पी गटागटा. उलटी कर.” सर मोटारसायकल काढायला धावले, दवाखाना चार किलोमीटरवर होता. समूनं माझ्याकडं पाहिलं. काय झालंय ते तिला कळत नव्हतं. पण हौसाक्का ‘पी’ म्हणत होती, म्हणून ती पीत होती.

“थांबा,” मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

समूला उलटी झाली. हौसाक्का तिचं कपाळ धरून उभी. फरशीवर मिठाचं पाणी, मुळ्याचे तुकडे, पाल्याचा हिरवा चोथा, दुधीच्या पांढऱ्या फोडी. तीन वर्षं मी जे तिच्या पोटात घालायला धडपडले, ते तिनं आपण होऊन खाल्लं होतं आणि ते तिथं मोरीत पडलं होतं. तिला दुसरी उबळ आली. ती रडायला लागली, “आई, आई” करत, आणि हात माझ्याकडं केले.

“कडू नव्हती!” मी ओरडले. “आमटी कडू नव्हती हो. मी खोटं बोलले.”

सर गाडी सोडून आले. “वहिनी, घाबरू नका. आता कुणाला दोष द्यायची वेळ नाही.”

“अहो, खरंच नव्हती!”

“वैनी,” हौसाक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “माझ्यासाठी कशाला खोटं बोलताय? माझं काम गेलं तर जाऊ दे. आधी पोरीला दवाखान्यात न्या.”

खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. खरं बोलले ते कुणालाच पटेना. मी समूला हौसाक्कापाशीच ठेवलं, शेडमध्ये गेले, पातेल्यात वाटी बुडवली आणि तोंडाला लावली. एक. दुसरी. तिसरी. आमटी हनुवटीवरून गळ्यात उतरत होती. चौथ्या वेळी सरांनी माझा दंड धरला.

“काय करताय हे? वेड लागलंय का तुम्हाला?”

“कडू असती तर खाल्ली असती का मी?”

सर थांबले. हौसाक्काही थांबली.

“मग तसं का म्हणालात?” सरांनी विचारलं.

शेडबाहेर मुलं हातात ताटल्या घेऊन उभी होती. त्यांच्यापुढं मी सांगितलं. “समू हिच्या हातचं खाते. माझ्या हातचं खात नाही. म्हणून.”

हौसाक्कानं पदरानं समूचं तोंड पुसलं. नाक पुसलं. फ्रॉकवरचा हिरवा डाग पाण्यानं चोळला. मग तिला माझ्यासमोर उभी केली. “घेऊन जावा,” ती म्हणाली. ‘वैनी’ म्हणाली नाही.

त्या दिवशी सरांनी स्वतः पोटभर आमटी खाल्ली आणि मग जेवण वाढलं, तासभर उशिरा. पण ‘कडू’ हा शब्द रांगेतून गेला होता. निम्म्या मुलांनी नुसता भात खाल्ला. पोरांना दुधी खायला लावण्यात हौसाक्काचे चार महिने गेले होते, ते मी एका शब्दात घालवले, असं सरांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. हौसाक्का मार्चपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पुढच्या पाळीला गेले तेव्हा तिनं वाटी पुढं केली आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडं बघत उभी राहिली. ते मला मिळायलाच हवं होतं.

त्या दिवशी घरी जाताना समू माझ्या कडेवर होती. इतकी मोठी झाल्यावर तिला कडेवर घेतलं नव्हतं. बांधावरून चालताना तिनं विचारलं, “वेल परत चिकटवता येतो?”

“नाही गं.”

“मग?”

“नवीन लावावा लागेल.”

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, “तू हौसाक्काच्या आमटीला कडू का म्हणलीस?”

मुलीला काय सांगतात अशा वेळी? मी सांगितलं, “मला तिचा हेवा वाटला. हेवा म्हणजे… दुसऱ्याकडं आहे ते आपल्याकडं नाही म्हणून पोटात जळतं ना, ते.”

“तिच्याकडं काय हाय?”

“तू तिच्याजवळ जेवतेस. माझ्याजवळ का नाही जेवत? मी काय चुकीचं करते? मीठ कमी पडतं का?”

समूनं विचार केला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तिच्या केसांना धुराचा वास होता.

“तू बघतीस,” ती म्हणाली.

“काय बघते?”

“माझ्या तोंडाकडं. घास घेतला की बघतीस. चावला की बघतीस. गिळला का बघतीस. मग मला गिळायला येत न्हाई.”

“आणि हौसाक्का?”

“ती कुठं बघती? ती भांडी घासती.”

बांध संपेपर्यंत मी मुद्दाम पुढं, रस्त्याकडंच पाहत चालत राहिले.

संध्याकाळी मी भाकरी केली. परसातल्या पिवळट मेथीची भाजी केली, तेवढीच होती. समूचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि उठून मोरीत गेले. पाठ तिच्याकडं. तवा घासायला घेतला. तो घासून झाला तशी परात घेतली. परात स्वच्छच होती.

मागं बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग ताट सरकल्याचा आला. मग भाकरी मोडल्याचा. मानेचा एकेक स्नायू मला मागं ओढत होता. तीन वर्षांची सवय होती ती, मला वाटायचं तेच प्रेम.

“आई,” समू म्हणाली, तोंडात काहीतरी होतं.

“काय गं?”

“बघू नको हां.”

“नाही बघत,” मी म्हटलं आणि परातीवर आणखी राख घेतली.